कोळसा संपणार, मग डिप्लोमा कशाला?

नमस्कार,

ऊर्जानगरहून आलेलं तुमचं पत्र मिळालं. तुम्ही चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात बॉयलरवर, मुलगा इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. तो म्हणतो, कोळसा संपणारच, डिप्लोमा सोडून सोलरचा सहा महिन्यांचा कोर्स करतो. तुमचं म्हणणं, २९२० मेगावॅटचं केंद्र काय उद्या बंद पडणार आहे?

दोघंही अर्धे बरोबर आहात. कोळसा तयार व्हायला कोट्यवधी वर्षं लागली आणि आपण तो वाघिणी रित्या करून जाळतो. गेला तो गेला, म्हणून अनवीकरणीय. ऊन, वारा, पाऊस पुन्हा येतात. पण हा फरक इंधनातला आहे, आणि मुलगा तोच नोकरीतल्या कामालाही लागू करून मोकळा झालाय. साखर कारखान्याची सहवीजनिर्मिती बघा. जाळायचं ते बगॅस, उसाचा चोथा, म्हणजे नवीकरणीय. पण बॉयलर, टर्बाइन, जनरेटर तुमच्याकडचेच, फक्त आकाराने लहान. उलट तारापूरच्या अणुवीज केंद्रात कोळशाचा धूर नाही, तरी युरेनियम येतं खाणीतूनच. आणि नवीकरणीय म्हणजे हवं तेवढं, असंही नाही. कोयनेचं पाणी दर पावसाळ्यात भरतं, पण विजेसाठी पश्चिमेला वळवायला कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली.

सोलरमध्ये काम आहे, आणि वाढतंय. शेतीला वीज देणाऱ्या वाहिन्या, म्हणजे फीडर, सौरऊर्जेवर नेण्याची सरकारी योजना चालू आहे. तिथेही इन्व्हर्टरच्या पुढे ट्रान्सफॉर्मर, ब्रेकर, रिले, अर्थिंग हेच सगळं लागतं, आणि ते डिप्लोमातच शिकवतात. नुसत्या छोट्या कोर्सवर बहुतेक मुलं पॅनल बसवण्यापाशीच अडकतात, हे मी पाहतो आहे.

मुलाला एक विचारा: मेन स्विच पाडला, तर छतावरच्या पॅनलची वायर हातात धरशील का? हो म्हणाला, तर आधी डिप्लोमा. ऊन आहे तोवर त्या वायरीत विजेचा दाब असतोच. आणि पॅनलची वीज डीसी, एकाच दिशेने वाहणारी; तिची ठिणगी घरातल्या एसी विजेसारखी चटकन विझत नाही.

डिप्लोमा पुरा होऊ द्या. मग गुण चांगले असतील तर इंजिनीअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश आहे, नाहीतर सोलरचा कोर्स तेव्हाही करता येईल. फी भरण्याआधी प्रत्यक्ष छतावर किती दिवस काम देतात, तेवढं विचारून घ्या.

तोवर या सुट्टीत त्याला ओळखीच्या सोलरवाल्याबरोबर पाठवा. मे महिन्यात, चंद्रपुरात, पत्र्यावर. आठवडाभर टिकला तर मला पुन्हा लिहा.