जुनी रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुले जमवण्यात व चालवण्यात लोकांना एवढे काय आवडते?

आपण विचारले आहे की, हलकी, अचूक आणि पंधरा-सोळा गोळ्या मावणारी पिस्तुले आज उपलब्ध असताना सहा गोळ्यांचे जुने, जड रिव्हॉल्व्हर कोणी हौसेने का जपावे आणि रेंजवर नेऊन का चालवावे. मी सातारा जिल्ह्यात राहतो. आमच्या घरात वारशाने आलेले वेब्ले अँड स्कॉट या इंग्रज कंपनीचे .३२ (नळीचे माप, इंचात) रिव्हॉल्व्हर माझ्या परवान्यावर आहे आणि नेमबाजीच्या सरावात त्याचा नियमित वापर होतो, म्हणून अनुभवाने उत्तर देऊ शकेन असे वाटते. मला या छंदाची ओढ वाटते ती अशी की, जुन्या हत्याराचा प्रत्येक भाग ही कोणा कारागिराने एखाद्या अडचणीवर काढलेली तोड असते. ती डोळ्यांना दिसते, बोटांना लागते, आणि गोळी झाडल्याखेरीज पुरती कळत नाही. त्यामुळे जमवणे आणि चालवणे हे दोन वेगळे छंद आहेत असे मी मानत नाही.

वेब्लेचेच उदाहरण घेऊ. चौकटीच्या डाव्या अंगाला एक खटका असतो. उजव्या हाताच्या अंगठ्याने तो दाबला की नळी आणि चक्री (गोळ्या मावणारा फिरता भाग) बिजागरीवर पुढे झुकतात, आणि त्याच हालचालीत चक्रीच्या मध्यातून एक चांदणी वर उठून सहाही पुंगळ्या (झाडलेल्या काडतुसांची रिकामी कवचे) एकदम उचलून बाहेर टाकते. नळी पूर्ण झुकली की चांदणी टचकन आपल्या जागी बसते. घोड्यावर बसलेल्या किंवा खंदकात अंधारात चाचपडणाऱ्या माणसाला एकेक पुंगळी काठीने ढकलत बसायला लागू नये, यासाठी केलेली ही योजना आहे. ब्रिटिश सैन्याने वेब्लेचा पहिला मार्क (म्हणजे आवृत्ती) १८८७ साली स्वीकारला आणि सहा इंची नळीचा सहावा मार्क १९१५ साली आला, तो .४५५ बोअरचा (नळीच्या मापाचा) होता, गोळी जड आणि तिचा वेग बेताचा. पुढे एन्फिल्ड या ब्रिटिश सरकारी शस्त्र कारखान्याने १९३२ साली .३८ बोअरचे रिव्हॉल्व्हर दिले आणि १९३८ मध्ये त्याच्या घोड्याचे (काडतुसावर आदळणाऱ्या हातोडीचे) मागचे टोकच काढून टाकले. रणगाड्यात चढता-उतरताना ते टोक कशात तरी अडकत असे, असे त्याचे कारण सांगितले जाते. केवळ घोड्याचा आकार पाहून ते हत्यार कोणासाठी घडवले गेले हे ओळखता येते, आणि हा आनंद फार मोठा आहे.

पिस्तुलांच्या बाबतीत ही गोष्ट आणखी रंगते. जर्मनीचे माउझर सी ९६ आतून असे बांधले आहे की मुठीच्या लाकडी फळ्यांचा स्क्रू सोडला तर बाकीचे भाग स्क्रूशिवाय एकमेकांत अडकून बसतात. जर्मन लष्कराने १९०८ साली घेतलेल्या लुगरमध्ये गोळी झाडली की वरचा सांधा गुडघ्यासारखा दुमडून वर येतो. जॉन ब्राउनिंगने आखलेले कोल्ट १९११ साली अमेरिकी सैन्यात दाखल झाले आणि १९८५ पर्यंत तिथले मुख्य पिस्तूल राहिले. तिन्ही पिस्तुलांपुढे प्रश्न एकच होता, की गोळीच्या धक्क्याचाच उपयोग करून पुढची गोळी आपोआप नळीत कशी आणावी, आणि तिघांची उत्तरे मात्र एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. आजची बहुतेक पिस्तुले ब्राउनिंगच्या उत्तराच्याच आवृत्त्या आहेत, आणि माझ्या मते म्हणूनच ती पाहताना तेवढे कुतूहल वाटत नाही.

आता चालवण्याविषयी. माझ्या रिव्हॉल्व्हरची नेम धरण्याची पुढची माशी बारीक, मागची खाच त्याहून बारीक. घोडा आधी न चढवता चाप ओढला तर तो लांब आणि जड लागतो, चक्री फिरताना बोटाला जाणवते आणि शेवटच्या क्षणी मनगट थोडे जरी ढिले पडले तरी गोळी कागदावर खाली-डावीकडे जाते. घोडा अंगठ्याने चढवला तर मात्र चाप अगदी थोडक्यात सुटतो. नव्या स्पर्धेच्या पिस्तुलात मूठ हातासाठी कोरलेली असते, चापाचे वजन हवे तसे ठेवता येते, आणि त्यामुळे हाताचे पुष्कळ दोष झाकले जातात. जुन्या हत्यारावर ते उघडे पडतात. ज्याला खरोखर नेमबाजी शिकायची आहे त्याला यासारखा गुरू नाही. यात एक गोष्ट मला विशेष वाटते. .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे काडतूस १८९६ सालचे आहे, कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचे .३२ रिव्हॉल्व्हर याच काडतुसावर चालते, आणि पंचवीस मीटरच्या सेंटर फायर पिस्तूल स्पर्धेतील महागडी आधुनिक पिस्तुलेही बहुधा याच काडतुसासाठी बनवलेली असतात. सव्वाशे वर्षांपूर्वी ठरवलेले माप आजही कागदावर दहाचे वर्तुळ गाठते.

या ठिकाणी एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. '.३२' या एकाच नावाखाली पिस्तुलाचे .३२ एसीपी हे दुसरे काडतूसही येते. ते जुन्या रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत कधीकधी बसतेही, पण त्याचा दाब अधिक असल्यामुळे ते त्यात वापरू नये. तसेच धूरविरहित दारू प्रचारात येण्यापूर्वीची, काळ्या दारूसाठी घडवलेली हत्यारे आणि आपल्याकडच्या ठासणीच्या जुन्या पिस्तुली या केवळ पाहण्यासाठी ठेवाव्यात, असे माझे ठाम मत आहे. इंग्लंडात बनलेल्या हत्यारावर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे (हत्याराची मजबुती तपासणाऱ्या संस्थेचे) शिक्के असतात. ते कोणत्या दारूसाठी तपासले गेले हे त्यावरून समजते.

शिक्क्यांचा उपयोग आणखी एका कामी होतो. सातारा हा सैनिकांचा जिल्हा. अपशिंगे मिलिटरीसारखे गाव आपल्याकडे आहे आणि मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मराठा पलटणी लढल्या, त्यामुळे एखाद्या घरी जुने रिव्हॉल्व्हर निघाले की ते पणजोबांनी लढाईतून आणले असे हमखास सांगितले जाते. त्या काळी शिपायाच्या हाती .३०३ रायफल असे. रिव्हॉल्व्हर प्रामुख्याने अधिकाऱ्यांकडे. सरकारी मालकीच्या हत्यारावर रुंद बाणाचे चिन्ह ठोकलेले असते, खासगी विक्रीच्या हत्यारावर ते नसते. संग्राहकाने आधी पोलादावरचे वाचावे आणि मग ऐकीव कथेला मान द्यावा. ज्या हत्याराचा इतिहास कागदोपत्री पक्का आहे त्याचे मोल वेगळेच असते. चंद्रशेखर आझादांचे कोल्ट पिस्तूल प्रयागराजच्या संग्रहालयात आहे, आणि ते पाहताना मनाची जी अवस्था होते ती पोलादाच्या कारागिरीमुळे होत नाही, हे मी मान्य करतो.

आपल्याकडे या छंदाची चौकट कायद्याने आखलेली आहे आणि तिच्या बाहेर तो करूच नये. १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. .३८, .४५५ आणि ९ मिलिमीटर ही मापे सामान्य परवान्यावर मिळत नाहीत, त्यामुळे वर वर्णन केलेली बरीच हत्यारे आपल्यासाठी संग्रहालयाच्या काचेमागेच राहतात. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी शस्त्रे आयात करता येत नाहीत. म्हणून त्याआधी देशात आलेली वेब्ले आजही एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर फिरत राहतात आणि त्यांची किंमत चढी असते. घरातील वडीलधाऱ्यांचे शस्त्र असेल तर २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारकाच्या निधनानंतर, किंवा त्याचे वय सत्तर झाल्यावर वा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यावर, वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. कपाटात जुने हत्यार सापडले तर ते लपवू नये, विकू नये. पोलीस ठाणे आणि जिल्हाधिकारी कार्यालयातील शस्त्र परवाना शाखा गाठावी.

जपणुकीचा भाग मला सर्वांत प्रिय आहे, कारण आमच्याकडच्या पावसात पोलाद राखणे सोपे नाही. जावळी-पाटणच्या बाजूला तर आषाढ-श्रावणात हवाच ओली असते. चामड्याच्या म्यानात हत्यार ठेवणे दिसायला रुबाबदार, पण चामडे ओल धरते आणि निळसर झिलईवर तांबेऱ्याचे ठिपके उमटतात. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतील (दारू पेटवणाऱ्या भागातील) क्षारही नळीत राहून ओल ओढून घेत, म्हणून त्या काळी नळी आधी कढत पाण्याने धुऊन, कोरडी करून मग तेलाचा हात देत. मी आजही चक्रीचा प्रत्येक कप्पा वेगळा पुसतो, चांदणीखालची काजळी ब्रशने काढतो आणि रिव्हॉल्व्हर सुती कापडात, सिलिका जेलच्या पुड्यांसह कुलपात ठेवतो.

आपल्याला या छंदात पाऊल टाकायचे असेल तर आधी एअर पिस्तुलाने रेंजवर रीतसर शिक्षण घ्यावे. पुढे कधी जुने रिव्हॉल्व्हर परवान्यावर घेण्याचा योग आला, तर झिलई पाहून भुलू नये. हत्यार रिकामे असल्याची स्वतः खात्री करावी, घोडा चढवावा, चाप ओढून तसाच धरून अंगठ्याने घोडा सावकाश खाली आणावा, आणि चाप न सोडता चक्री हलवून पाहावी. ती सहाही कप्प्यांवर घट्ट राहिली आणि नळीतील आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) स्वच्छ दिसले, तर बाहेरून झिलई उडालेली असली तरी ते हत्यार घ्यावे. चक्री डुगडुगत असेल तर परवानाधारक कारागिराला दाखवल्याशिवाय त्यातून एकही गोळी झाडू नये.