टीव्ही चालू केल्यावर थोड्या वेळाने आपोआप बंद का होतो?

आधी घड्याळ लावून बघा. दर वेळी बरोबर २ किंवा ४ तासांनी बंद होत असेल तर तो बिघाड नाही. स्लीप टायमर किंवा ऑटो पॉवर ऑफ चालू राहिलाय, सेटिंगमध्ये जाऊन तो काढा. (घरात लहान मुलं असतील तर संशयित सापडलाच.)

वेळेचा नेम नसेल तर रिमोटमधले सेल काढून टीव्ही तासभर तसाच चालू ठेवा. बंद पडला नाही तर रिमोटचं पॉवर बटण आत चिकटत असणार. एचडीएमआयला सेट-टॉप बॉक्स वगैरे काही जोडलं असेल तर टीव्हीच्या सेटिंगमधलं सीईसी (जोडलेल्या उपकरणाला टीव्ही चालू-बंद करू देणारी सोय) बंद करून पाहा. तो बॉक्स झोपला की टीव्हीलाही झोपवतो. एक्स्टेन्शन बोर्ड सोडून थेट भिंतीतल्या सॉकेटलाही लावून बघा, ढिली पिन फार छळते.

एवढं करूनही काही सेकंदांत बंद होऊन टीव्हीवरचा छोटा पॉवरचा दिवा लुकलुकत असेल तर पॉवर सप्लाय बोर्ड किंवा बॅकलाइटवर (पडद्यामागच्या दिव्यांवर) संशय घ्या. कपॅसिटर (बोर्डावरचा वीज साठवणारा भाग) फुगणं हे त्यातलं नेहमीचं दुखणं. दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजून मेकॅनिकला सांगा, बऱ्याच टीव्हींमध्ये तो बिघाडाचा कोड असतो. मागचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो.