शाळेत परकीय भाषा : वाचकांचे प्रश्न, शिक्षिकेची उत्तरे

मुलगी तिसरीत आहे. शाळेत पहिलीपासून फ्रेंच आहे, पण मराठी वाचताना ती अजून अडखळते. फ्रेंच थांबवू का? – एक आई, ठाणे

थांबवू नका, फक्त त्याच्या परीक्षा मनावर घेऊ नका. या वयात गाणी, खेळ आणि उच्चार एवढं पुष्कळ झालं. घरचा वेळ मराठीला द्या. रोज एक गोष्ट तिच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. घरच्या भाषेत वाचन पक्कं झालं की पुढची भाषा तिला जड जाणार नाही.

आमची शाळा तालुक्याच्या गावी, मराठी माध्यमाची. आठवीपासून जर्मन किंवा जपानी सुरू करावं असं मला वाटतं. संस्थाचालक म्हणतात, “आधी इंग्रजी तरी धड येऊ दे.” त्यांना काय सांगू? – मुख्याध्यापिका, सांगली जिल्हा

मॅडम, त्यांना सांगा की मराठी घट्ट असलेलं मूल या भाषांसाठी अर्धी तयारी करूनच येतं. जर्मनमध्ये नामांना तीन लिंगं असतात. तो, ती, ते म्हणत वाढलेल्या मुलाला त्याचं नवल वाटत नाही (कुठल्या नामाचं कुठलं लिंग, हे मात्र पाठच करावं लागतं). जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि आपल्या ‘ला’, ‘चा’, ‘त’सारखे शब्द नामाच्या मागून येतात. म्हणून या भाषा मराठीतून समजावणारा शिक्षक शोधा. इंग्रजीतून शिकवलं तर हा फायदा हातचा जातो.

इंग्रजीत मागे पडलेली मुलं वर्गात गप्प बसतात. नवी भाषा सगळ्यांनाच नवी असते, त्यामुळे तिथे तीच मुलं बोलू लागतात, आणि पुढे इंग्रजीच्या तासालाही तोंड उघडतात. हे मी माझ्या वर्गात पाहिलं आहे.

रोजगाराचंही सांगा. कुशल मनुष्यबळासाठी महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. पण तिथे नर्स म्हणून मान्यता हवी तर साधारण बी२ पातळीचं जर्मन लागतं (ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा सहा चढत्या पायऱ्यांतली चौथी). विशीनंतर, कर्ज काढून, घाईघाईनं ते शिकताना मुलामुलींची फार दमछाक होते. शाळेतच ए२ पर्यंत पोचलेल्यांचं ओझं निम्म्यावर येतं.

एक अट मात्र माझीही आहे. शिक्षक तीन वर्षं टिकेल अशी सोय नसेल, तर सुरूच करू नका. वर्षभर शिकवून बंद पडलेला विषय मुलांना ‘आपल्याला जमत नाही’ एवढंच शिकवतो.

अकरावीला जर्मन घेतलं, कारण मार्क मिळतात म्हणे. पुढे उपयोग होईल? – विद्यार्थी, नाशिक

मार्क मिळतील. भाषा यावी असं वाटत असेल तर बोर्डाच्या पुस्तकाबरोबर माक्सम्युलर भवन या जर्मन शिकवणाऱ्या संस्थेची ए१ परीक्षा डोळ्यांसमोर ठेव. तिथे ऐकणं आणि बोलणंही तपासतात. रोज दहा मिनिटं मोठ्यानं बोल.

फोन आता क्षणात भाषांतर करतो. मग शाळेनं वर्षं का घालवायची? – एक पालक, पुणे

रस्ता विचारायला फोन पुरेल. पण मराठ्यांच्या इतिहासाची किती तरी कागदपत्रं गोव्याच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीजमध्ये आहेत. इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकरांना ती भाषा येत होती, म्हणून ते कागद त्यांनी शोधले, वाचले आणि आपल्यापुढे आणले. कुठला कागद महत्त्वाचा हे ओळखायला आधी भाषा यावी लागते. आज त्या दप्तरांपुढे बसू शकतील अशी मराठी मुलं फार थोडी आहेत, आणि ती शाळांतूनच यायला हवीत.