सायकलवरून किती वेळा उतरलात?

"मॅडम, घरातल्या व्यायामाच्या सायकलनं वजन उतरतं का हो? का बाहेरचीच चालवायला पाहिजे?"

मार्च सरत आला की हा प्रश्न माझ्या समुपदेशनाच्या खोलीत यायला लागतो, तो दिवाळीपर्यंत येत राहतो. आधी ऊन, मग पाऊस. विचारणारे बदलतात, धाकधूक तीच. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते, एका बाईंच्या निमित्तानं. त्या शिक्षिका, त्यामुळे इथंही त्यांना बाईच म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाई जुळे सोलापूरच्या. वय 41, वजन 74 किलो. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरल्यावर, त्यांनी मुलीची जुनी सायकल बाहेर काढली आणि विजापूर रोडनं कंबर तलावापर्यंत जाऊन यायला लागल्या. दोन महिने झकास गेले. मग शाळा सकाळची झाली. पहाट हातची गेली, उरली संध्याकाळ. आणि सोलापूरची एप्रिलमधली साडेपाचची संध्याकाळ म्हणजे काय, हे इथल्यांना सांगायला नको. एकदा चक्कर येऊन त्या रस्त्याकडेला बसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. जूनच्या पहिल्या पावसात घसरल्या, गुडघा सोलवटला. मग यजमानांनी हप्त्यावर व्यायामाची सायकल आणून हॉलमध्ये ठेवली. बाई माझ्याकडे आल्या तोवर तिच्यावर चादरी वाळायला लागल्या होत्या.

"एवढं करून दोनच किलो उतरलं," बाई म्हणाल्या. "घरातली सायकल म्हणजे फसवणूकच की! बाहेर कसा वारा असतो, चढ असतो…"

पहिल्या दोन भेटी मी वाया घालवल्या. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीतली, अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या पंथातली, म्हणजे माणसाचे हट्टी विचार तपासून बघणारी. माणसाच्या बोलण्यातला 'च' मला आधी ऐकू येतो. बाहेरचीच, फसवणूकच, गेलंच पाहिजे. मी ते 'च' वेचत बसले आणि वर हिशोबही मांडून दाखवला. हिशोब चुकीचा नव्हता, म्हणून इथं देते.

बाईंच्या वजनाच्या माणसानं मध्यम जोरानं अर्धा तास पायडल मारलं, की अडीचशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. बाहेर वारा अडवतो आणि वेग वाढवला की तो फारच अडवतो, हे खरं. पण बाहेर उतार लागतो, सिग्नल लागतो, तेव्हा पाय विसावतात. घरातल्या सायकलला उतार नाही. दम सारखाच लागत असेल, तर वजनाच्या दृष्टीनं फरक किरकोळ. यंत्रावर दिसणारा कॅलरीचा आकडा मात्र मनावर घेऊ नये, तो बहुतेकदा अंदाजपंचे असतो. आणि उन्हात घामाघूम होऊन काटा किलोभर खाली आला, तर गेलं ते पाणी. प्यायलं की परत आलं. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. आठवड्याचे पाच दिवस धरले तर एक किलोला सहा आठवडे. तेही घरी आल्यावर मूठभर शेंगदाणे तोंडात टाकले नाहीत तर, कारण 30 ग्रॅम दाण्यांत 170 कॅलरी असतात. (सोलापुरात हे सांगायचं जिवावर येतं. कडक भाकरीवर शेंगाचटणी मलाही सुटत नाही.)

बाईंनी सगळं ऐकून घेतलं, तपासणीला आलेल्या साहेबाचं ऐकतात तसं. घरी चादरी तशाच.

तिसऱ्या भेटीत त्यांचा फोन तीनदा वाजला. तिन्ही वेळा घरून. सिलिंडरचं पुस्तक कुठंय? नळाला पाणी आज येणार का उद्या? तिसऱ्यांदा नुसतंच, "आई, कधी येणार?" मला तेव्हा कुठं खटकलं.

"बाई, घरात सायकल चालवताना अर्ध्या तासात किती वेळा उतरता?"

"उतरते म्हणजे? कधी मोजलं नाही."

"मोजून या."

पुढच्या वेळी त्यांनी वहीचं पान आणलं, तारीख घालून, समास सोडून. सात वेळा. कुकर. दारावर भाजीवाला. सासूबाईंची गोळी. टॉवेल. परत टॉवेल. "सोलापुरात राहून घरात टॉवेल सापडत नाही, बघा," म्हणून हसल्या. उरलेल्या दोन ओळी वाचल्याच नाहीत. पान हातात तसंच.

"मॅडम, कंबर तलावापाशी मला कुणी हाक मारत नाही."

मी काही बोलले नाही. आम्हा समुपदेशकांना बोलायची खोड फार. त्या दिवशी मी गप्प बसले, हे माझ्या आजवरच्या बऱ्या कामांपैकी एक, असं मी मानते. जरा वेळानं त्याच म्हणाल्या, "उन्हात चक्कर आली ना, तेव्हा एका लिंबाखाली बसले होते. घरी फोन करावासाच वाटला नाही. बरं वाटत होतं तिथं."

म्हणजे ज्या 'च'ला मी हट्ट समजून उपटायला निघाले होते, तो बाईंचा अनुभव होता. बाहेरचा अर्धा तास त्यांचा होता. हॉलमधला अर्धा तास घराचा, त्यात त्या जमेल तेवढं पायडल मारत होत्या. वजन उतरायला पाय सलग फिरावे लागतात आणि आठवड्यामागून आठवडे फिरावे लागतात. दर चार मिनिटांनी खाली उतरणारी बाई कुठवर टिकणार?

पुढच्या भेटीला यजमान आले. "मी तर काळजीपोटी आणली होती," म्हणाले, आणि ते खरंच होतं. मी म्हटलं, "सायकल आणलीत, आता तिला एक दार द्या." समजूतदार माणूस. आठवड्याभरात सायकल गच्चीवरच्या खोलीत गेली. आतून कडी, फोन खाली, समोर पंखा. पंख्याला चैन समजू नका. बंद खोलीत अंगावर वारा येत नाही, घाम वाळत नाही, छातीचे ठोके उगाच वाढतात आणि दहा मिनिटांत नको होतं. कित्येकांची घरातली सायकल एवढ्यावरच सुटते. सीटही इतकी उंच घ्या की पायडल अगदी खाली गेल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहील.

बाहेर जाण्यावर आम्ही फुली मारली नाही. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत परत येणं जमणार असेल तर बाहेर, नाहीतर वरची खोली. पहिल्या सरीला रस्त्यावरचं ऑइल वर येतं आणि चाक सरकतं, म्हणून तो दिवस घरात. विजा कडाडत असताना तर प्रश्नच नाही. उन्हात डोकं गरगरलं, मळमळलं, तर तिथंच थांबून सावली आणि पाणी, आणि दुसऱ्या दिवशी विश्रांती. बाईंनी केलं तसं करू नका. बीपी असेल, साखर असेल, छातीत कधी दुखलं असेल, तर माझ्याआधी डॉक्टरांना विचारा. पाणी यायच्या दिवशी सायकलला सुट्टी, आणि त्या सुट्टीचा गुन्हा मानायचा नाही. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी.

दिवाळीपर्यंत बाईंचं साडेतीन किलो उतरलं. ठरवलेले दहा नाहीत. दिवाळीनंतर बाहेरची सायकल पुन्हा सुरू झाली.

शेवटच्या भेटीत मी विचारलं, "घरातल्या सायकलवर आता वाळत काय घालता?"

"काही नाही. चादरींसाठी यजमानांनी गच्चीवर दोरी बांधली," बाई म्हणाल्या. "परवा मुलगी वर येऊन दार वाजवत होती, टॉवेल पाहिजे म्हणून. उघडलं नाही मी. खाली आले, तर ती डोकं पुसत होती."