शहाजोगपणा, मानभावीपणा की सोवळेपणा? क्षमापत्रातील एका वाक्याविषयी

एका वाचकाने धाकट्या बहिणीच्या मुलीच्या लग्नाला जाण्याचे नाकारले होते. मानपान, आहेर आणि पंगतींवरचा खर्च हे सारे त्यांना तत्त्वतः अमान्य असून त्यांचे स्वतःचे लग्न नोंदणी पद्धतीने, कोणतीही देवघेव न करता झालेले आहे. मात्र न जाण्यावरच न थांबता त्यांनी बहिणीला आणि मेहुण्यांना ‘असल्या उधळपट्टीला माझी हजेरी लागणार नाही’ असे लिहून कळवले, आणि नवरीला बोहल्यावर आणायला सख्खा मामा असून नसल्यासारखा झाला. आता ते क्षमापत्र लिहीत आहेत. त्यांचे वाक्य असे : ‘त्या वेळी मी शहाजोगपणा केला, आपले मन दुखावले असल्यास दिलगीर आहे.’ येथे ‘शहाजोगपणा’ चालेल, की ‘मानभावीपणा’ किंवा ‘दांभिकपणा’ म्हणावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझ्या मते या तिन्हींपैकी एकही शब्द येथे बसत नाही.

‘शहाजोग’ हा शब्द मुळात पेढीवरचा आहे. हुंडी म्हणजे अमक्याला पैसे द्यावेत असे सांगणारी व्यापाऱ्यांमधली लेखी चिठ्ठी; तिच्यात धनीजोग (धन्याला, म्हणजे मालकाला देय) आणि शहाजोग असे भेद असत. शहाजोग हुंडी घेऊन येणाऱ्या कोणाच्याही हातावर पैसे ठेवले जात नसत; घेणारा ‘शाह’, म्हणजे बाजारात पत असलेला, चारचौघांच्या ओळखीचा व्यापारी असावा लागे आणि तो तसा आहे की नाही याची चौकशी पैसे चुकते करणाऱ्याने करायची असे. अशा रीतीने ‘शहाजोग’ म्हणजे पतीचा, भरवशाचा, सभ्य मनुष्य हा अर्थ सरळ होता, पुढे उपरोधाने बोलता बोलता तो उलटला आणि आज वरून सभ्य, आतून बेरकी अशा माणसालाच आपण शहाजोग म्हणतो. ‘साळसूद’ याच वाटेने गेला. तेव्हा ‘मी शहाजोगपणा केला’ याचा अर्थ ‘मी भल्या माणसाचे सोंग घेतले’ असा होतो. मामांनी सोंग घेतलेले नाही.

‘दांभिक’ याच कारणाने बाद होतो. ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ ही म्हण ज्याला लागू पडते तो दांभिक. येथे तर सांगणाऱ्याने स्वतःच्या लग्नात ते ब्रह्मज्ञान पाळलेले आहे. न केलेल्या ढोंगाची कबुली देण्यात दिसायला मोठी नम्रता असते, पण तिच्याखाली प्रत्यक्ष केलेले वागणे झाकले जाते.

‘मानभावी’ तर या पत्रात मुळीच नको. मानभाव हे ‘महानुभाव’ या पंथनामाचेच लोकांच्या तोंडी रुळलेले रूप आहे. ज्या पंथाने तेराव्या शतकात मराठीला लीळाचरित्र दिले, त्याच्या अनुयायांविषयीच्या आकसातून या शब्दाला गोडबोल्या ढोंगीपणाचा अर्थ चिकटला. दुसऱ्यांना हलके लेखल्याची क्षमा मागताना, एका अख्ख्या पंथाला हलके लेखून घडलेला शब्द वापरणे विसंगत ठरेल.

आता घडलेली गोष्ट नेमकी कोणती, ते पाहू. माणूस खरोखरच नियमाने वागला, आणि त्या वागण्याच्या बळावर इतरांपेक्षा वर जाऊन उभा राहिला. याला मराठीत नेमका शब्द आहे तो ‘सोवळेपणा’. मुकटा, म्हणजे सोवळ्याचे रेशमी वस्त्र, नेसून नैवेद्याचा स्वयंपाक करणारी व्यक्ती माजघरातून जाताना ‘शिवू नका’ म्हणत जाई आणि मुले भिंतीला चिकटून उभी राहत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या शब्दाची धार समजावून सांगायला नको. सोवळ्यात खोटेपणा नसतो. अंघोळ केलेली असते, वस्त्र धूतच असते. पण ते टिकवायचे तर इतरांना ओवळे मानून लांब ठेवावे लागते. ‘असल्या उधळपट्टीला माझी हजेरी लागणार नाही’ या वाक्यातला ‘असल्या’ म्हणजे ‘शिवू नका’चेच दुसरे रूप आहे. सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पनेमागे विटाळाचा आणि जातिभेदाचा इतिहास आहे, म्हणून हा शब्द जड वाटेल हे खरे; परंतु स्वतःच्या वागण्याला लावताना तो जड असलेलाच बरा.

याहून सौम्य हवे असेल तर ‘माझा रथ चार अंगुळे वरून चालत होता’ असे म्हणता येईल. द्रोणपर्वात युधिष्ठिराचा रथ त्याच्या सत्यनिष्ठेमुळे जमिनीच्या चार अंगुळे वर असे आणि अश्वत्थामा मेल्याचे फसवे वाक्य उच्चारताच तो भुईला टेकला, अशी कथा आहे. मराठी बोलण्यात मात्र हा रथ थट्टेचा झाला असून, स्वतःला धुतल्या तांदळासारखे समजणाऱ्याविषयी तो सर्रास वापरला जातो. थट्टा स्वतःची असली तरी ती क्षमापत्रात कितपत शोभेल, हे बहिणीच्या स्वभावावर अवलंबून आहे. ‘आगळीक’ हा शब्दही विचारात घ्यावा. आगळा म्हणजे अधिक, वरचढ; त्यातून मर्यादा ओलांडून केलेले वर्तन हा आगळिकीचा अर्थ येतो. ‘चूक’ म्हटले की हिशेबातल्या आकड्यासारखी ती नकळत झालेली वाटते, म्हणून येथे ‘चूक’पेक्षा ‘आगळीक’ सरस आहे.

वाक्याचा उत्तरार्ध मला पूर्वार्धापेक्षा अधिक खटकतो. ‘दिलगीर’ हा फारसीतून आलेला शब्द खिन्न मनाची अवस्था सांगतो. दिलगिरी ‘व्यक्त’ होते, माफी ‘मागावी’ लागते. पुढारी पहिली तत्परतेने करतात आणि दुसरी टाळतात, ते याच कारणाने. दिलगीर माणूस समोरच्याकडे काहीच मागत नाही, त्यामुळे आपल्या उंचीवरून न उतरताही दिलगीर होता येते. त्यात ‘दुखावले असल्यास’ म्हणजे शुद्ध ‘नरो वा कुंजरो वा’. बहीण दुखावली आहे हे ठाऊक असल्यामुळेच तर पत्र लिहिले जात आहे.

‘क्षमस्व’ हे संस्कृतातील आज्ञार्थाचे एकवचनी रूप असून ‘तू क्षमा कर’ असा त्याचा अर्थ आहे. पण ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’च्या पाट्यांनी त्यातला ‘तू’ नाहीसा केला आहे. ‘क्षमा असावी’ यात तर क्षमा कोणी करायची तेच दिसत नाही. त्यापेक्षा ‘पदरात घेणे’ आणि ‘पोटात घालणे’ हे घरगुती वाक्प्रचार येथे योग्य आहेत. एरवी ते धाकट्याने थोरल्याला उद्देशून वापरायचे. थोरला भाऊ धाकट्या बहिणीला तसे लिहील तेव्हा मोठेपण आपोआप तिच्याकडे जाईल. मेहुण्यांनाही हे पत्र वाचायचे असल्यामुळे ‘आपले’ हे परके सर्वनाम टाळून ‘तुम्ही दोघे’ म्हणावे.

मी लिहिले असते तर ते वाक्य असे : ‘लग्नाच्या वेळी मी तुम्हा दोघांपुढे सोवळेपणा मिरवला आणि नको ते लिहिले, तुमचे मन त्याने दुखावले आहे. माझी ही आगळीक पोटात घाला.’ मानपानाविषयीची मते याच पत्रात पुन्हा मांडू नयेत. ती बदललेली नाहीत, हे बहिणीला ठाऊक असणारच.