विमा सरकारी, दवाखाना खासगी

प्रश्न : सगळ्यांसाठी एकच सरकारी आरोग्य विमा आणला तर खासगी दवाखाने बंद पडतील आणि खर्च हाताबाहेर जाईल, असं सांगितलं जातं. हे खरं आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नाही. तैवान पाहा. तिथे बहुतेक रुग्णालयं आणि दवाखाने खासगीच आहेत. सरकारी आहे तो पैसे देणारा. 1995 पूर्वी कामगार, सरकारी नोकर, शेतकरी यांच्या योजना वेगवेगळ्या होत्या. सुमारे 40 टक्के लोक विम्याबाहेर होते आणि त्यांत लहान मुलं व म्हातारी माणसंच जास्त, म्हणजे ज्यांना गरज सर्वांत मोठी तेच उघड्यावर. 1 मार्च 1995 रोजी सगळ्यांना एका निधीत आणलं. सक्तीच हवी, ऐच्छिक ठेवलं तर धडधाकट माणसं बाहेर राहतात, आजारी तेवढी आत येतात आणि हप्ता वाढतच जातो.

हप्ता वय किंवा जुना आजार पाहून ठरत नाही, पगारावर ठरतो. 2021 पासून दर 5.17 टक्के आहे. खासगी नोकरीत त्यातले 60 टक्के मालक, 30 टक्के कामगार आणि 10 टक्के सरकार भरतं. 40,000 तैवानी डॉलर पगारावर कामगाराचे स्वतःचे साधारण 620 जातात. अवलंबितांचे वेगळे, पण तिघांपलीकडे आकारणी नाही.

आता खर्चाचा लगाम. प्रत्येक तपासणीला, शस्त्रक्रियेला ठरावीक गुण असतात आणि वर्षाचा एकूण निधी आधीच ठरतो. समजा निधी 90 कोटींचा आणि डॉक्टरांनी मिळून 100 कोटी गुणांचं काम केलं, तर एका गुणाला एक डॉलर न मिळता 90 सेंट मिळतात. अनावश्यक तपासण्यांनी निधी फुगत नाही. दुखणं मात्र इथेच आहे : दर घसरला की डॉक्टर रुग्णसंख्या वाढवून भरपाई करतात आणि एकेका रुग्णाला जेमतेम काही मिनिटं मिळतात. रुग्णाकडूनही दर भेटीला थोडी रक्कम घेतली जाते. अतिगंभीर आजारांना आणि गरिबांना ती माफ आहे.

आमच्या मते खरा धोका राजकीय आहे. हप्त्याचा दर वाढवायला कोणीच धजत नाही. 2010 मध्ये तो 4.55 वरून 5.17 वर नेताना झालेल्या वादात आरोग्यमंत्र्यांनी राजीनामा देऊ केला होता. पुढे दर उतरवला, तूट वाढली आणि 2021 मध्ये पुन्हा 5.17 वरच यावं लागलं. आपल्याकडे असा कायदा करायचा असेल तर दरवाढीचं सूत्र कायद्यातच घाला, ते मंत्र्याच्या मर्जीवर सोडू नका.