हात न पोहोचणारे सर्किट

प्रश्न : मी गेली चार वर्षे घरगुती उपकरणांची सर्किट तयार करते. अवकाशयानांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करावे अशी माझी फार इच्छा आहे; परंतु तेथे मोबाइलमधल्यापेक्षाही मंद प्रोसेसर वापरतात, असे वाचून मी गोंधळले आहे. जुने भाग का वापरतात? आणि तेथील अभियंत्याचा दिवस कशात जातो?

उत्तर : जुना भाग निवडतात तो किरणोत्साराच्या माऱ्यात कसा वागतो, हे आधीच मोजलेले असते म्हणून. वेगवान भारित कण चिपमधून आरपार गेला की मेमरीतील एखाद्या शून्याचा एक होऊ शकतो. ही चूक सहसा सावरता येते. त्याहून घातक असतो तो लॅचअप. सिलिकॉनच्या रचनेतच कोणालाही नको असलेली एक वाट दडलेली असते. कणामुळे ती उघडली की पुरवठ्यापासून ग्राउंडपर्यंत प्रवाह धो धो वाहू लागतो आणि वीज तोडेपर्यंत थांबत नाही. म्हणून अशा चिपच्या पुरवठ्यावर पहारा ठेवणारे आणि प्रवाह मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणारे सर्किट बसवतात. ही मर्यादा ठरवणे वाटते तितके सोपे नाही : चिप सुरू होताना क्षणभर जो जास्त प्रवाह घेते त्याने पहारा फसू नये, किरणोत्सारामुळे वर्षानुवर्षे वाढत जाणारी प्रवाहाची गळती त्याने चालवून घ्यावी आणि तरीही खरा लॅचअप निसटू नये. या एका आकड्यावर आठवडे जातात, आणि ते जायलाच हवेत.

उष्णतेचीही वेगळी काळजी घ्यावी लागते. निर्वातात पंखा निरुपयोगी, म्हणून ती बोर्डातील तांब्याच्या थरांतून पेटीच्या भिंतीकडे न्यावी लागते.

दिवसातला थोडाच वेळ आरेखनात जातो. उरलेला चाचण्या, तपासणी आणि नोंदींत. कनेक्टर जोडला वा सोडला की प्रत्येक वेळी त्याची नोंद होते, कारण दर वेळी पिनांवरचा सोन्याचा मुलामा थोडा झिजतो. नवोदितांना ही कारकुनी वाटते. माझे मत उलट आहे : चाचणीत दोष निघाला की कोणी, कधी, कशाला हात लावला हे त्याच वहीत सापडते.

उड्डाणानंतर मात्र हात लावताच येत नाही. १९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर १ या अवकाशयानाकडून नोव्हेंबर २०२३ मध्ये निरर्थक माहिती येऊ लागली. दोष मेमरीच्या एका चिपमध्ये होता. संदेश पोहोचायला साडेबावीस तास लागत असतानाही अभियंत्यांनी त्या चिपमधला प्रोग्रॅम तुकड्यातुकड्यांनी मेमरीत इतरत्र हलवला आणि एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा नीट बोलू लागले.

आपला अनुभव मुळीच वाया जाणार नाही. सध्याचाच एक बोर्ड घ्या आणि त्यातील प्रत्येक भाग शॉर्ट झाला तर काय होईल, ओपन झाला, म्हणजे त्यातील जोडणी तुटली, तर काय होईल आणि बोर्डाला हात न लावता, केवळ दुरून आलेल्या व्होल्टेज, प्रवाह व तापमानाच्या आकड्यांवरून ते कसे ओळखता येईल, हे लिहून काढा. मुलाखतीला जाताना तो तक्ता सोबत न्या.